मिटायचा राहिलेला खेळ

२१ फेब्रुवारी १९८३, लातूर

मुलाने, संगप्पाने, मोंढ्याच्या बाजारातून ही डायरी आणली. वर बियाण्याच्या कंपनीचे कणीस छापले आहे. म्हणाला, "अप्पा, दिवसभर जगाची फिकीर करत बसता. ती यात लिहा. उमाचे कान तरी सुटतील." सून आतून हसली. मला ते आवडले नाही, पण डायरी ठेवून घेतली. कागद चांगला आहे.

लिहायचे काय? नळाला पाणी नाही आणि टँकरचा भरवसा नाही. शेषेरावांचा खोकला बसत नाही. नव्या पदातली तिसरी ओळ लंगडते.

माझी शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू, चौथीपर्यंत. घरात कानडी. मराठी मी या गावात येऊन दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो आणि तिच्यातच लिहितो. कानडी लिहायला कधी शिकलोच नाही, ती फक्त तोंडाने येते. सबब इथे चुका होतील. वाचणारा कोणी नाही हे बरे.

२ मार्च

शेषेराव औशाहून आले. त्यांच्या सोंगी भजनाच्या फडाला मी पदे आणि खेळ लिहून देतो, आमचे केस काळे होते तेव्हापासून. ते सोंग घेऊन गातात, मी मागे बसून घाबरतो.

नवे पद वाचले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "मलप्पा, ही ओळ चूक हाय. असं मराठी कुनी बोलत न्हाई."

"मग बदला."

"न्हाई, राहू द्या. कानाला बरी लागती."

प्रत्येक पदाला हेच. चूक असेल तर बदलावी. राहू द्यायची तर चूक का म्हणावे? लोक मागे हसत असतील अशी धास्ती मला कायम असते.

मग त्यांनी दुसरा विषय काढला. लातूर आता जिल्हा झाले. एक मेला जिल्ह्यातल्या कलावंतांचा कार्यक्रम आहे, त्यात आपला फड आहे. "आता तरी नावाच्या ओळीत गाव घाला," म्हणाले. पदाच्या शेवटी कवी आपले नाव घालतो, त्याबरोबर गावही. मी आजवर नुसते 'मलप्पा म्हणे' असे लिहीत आलो.

"बिनगावचा कवी कसा दिसतो ठाव हाय का? बिनटोपीच्या हवालदारावानी."

मी विचार केला. इतकी वर्षे या गावाचे पाणी पितो आहे. म्हणालो, बरे, 'लातूरचा मलप्पा' घालू. लगेच मोठ्याने म्हणून पाहिले. जीभ अडखळली. पुन्हा म्हटले.

माझी बायको दानम्मा ज्वारी निवडत होती. सूप थांबवून तिने विचारले, "कुठला?" मी परत सांगितले. ती सूप उचलून आत गेली. हल्ली तिला कमी ऐकू येते. डॉक्टरला दाखवले पाहिजे.

२७ मार्च

आज जे झाले ते नीट लिहितो, नाहीतर डोक्यात गोळा होईल.

दुपारी एक पन्नाशीचा माणूस दारात उभा. धोतर, खांद्यावर टॉवेल, चेहरा उन्हाने तडकलेला. कानडीत म्हणाला, "मी तोगरहळ्ळीचा रेवणसिद्ध. गुरुपादप्पा गौडांचा मुलगा."

मी उठलो तो भिंतीला टेकलो. दानम्माने मात्र त्याला पाणी दिले. तांब्याभर, तेही टँकरच्या आदल्या दिवशी.

तोगरहळ्ळी बिदरकडचे माझे गाव. तिथे मी बयलाटाचा कवी होतो. बयलाट म्हणजे रात्रभर उघड्यावर चालणारा आमच्याकडचा कानडी खेळ. गुरुपादप्पा गौडाने, म्हणजे गावच्या पाटलाने, तळ्याला काटेरी कुंपण घातले होते, वेशीबाहेरच्या लोकांना पाणी बंद. मी खेळ बसवला, त्यात एक राजा तळ्याला कुलूप लावतो. मध्यावर राणी उठते आणि विचारते, "किल्ली कुठे आहे?" एवढे झाले आणि गौडा उठला. ग्यासबत्त्या विझवायला लावल्या. पुढचे लिहीत नाही. पाठीला अजून थंडीत कळते. त्याच रात्री मी आणि दानम्मा अंगावरच्या कपड्यांनिशी उदगीरच्या रस्त्याला लागलो.

बयलाटाच्या शेवटी कवीने स्वतः मंगळ म्हणायचे असते. त्यात पाऊस, पीक, गावचा गौडा यांची नावे घेऊन बरे चिंतायचे, शेवटी आपले नाव आणि गाव सांगायचे. की खेळ मिटला. मंगळ झाले नाही तर खेळ उघडा राहतो, आणि उघड्या खेळाखाली गाव झोपत नाही असे आमच्याकडे मानतात.

रेवणसिद्ध म्हणाला, सलग दोन वर्षे पाऊस नाही. लोक विष्णुपुरीला धरणाच्या कामावर गेले. तिथे नांदेडकडच्या मजुरांपुढे एक फड सोंगी भजन करत होता. तळ्याला कुलूप लावणारा राजा, किल्ली मागणारी राणी, सगळे मराठीत. आमच्या गावच्या पोरांनी बापाकडून गोष्ट ऐकलेली, ती ओरडलीच, हा तर आपला उघडा खेळ! फडवाल्यांना विचारून तुमचा पत्ता काढला.

"या आणि मंगळ म्हणा," तो म्हणाला. "जिथं थांबला तिथून खेळू."

मी म्हणालो, "तो खेळ मी मराठीत कधीच पुरा केला. शेवट म्हटला. मिटला तो."

"तिकडं मिटला असेल. आमच्यावरचा न्हाई मिटला."

"आणि गौडांचे नाव? मंगळात घ्यावे लागेल."

तो खाली बघून म्हणाला, "माझे अप्पा अजून आहेत. खाटेवर."

विचार करून सांगतो म्हणालो. तो मुक्कामाला राहिला नाही. जाताना दानम्मा त्याच्याशी दारात उभी राहून बराच वेळ बोलली. पावसाचेच असेल.

२८ मार्च

झोप नाही. हा डाव असेल का? म्हाताऱ्या कवीला बोलवायचे आणि चारचौघांत हसायचे. 'बघा, कानडी विसरला.'

आणि मी त्या माणसाचे बरे का चिंतावे? देवापुढे, लोकांपुढे, त्याच्या नावाने?

दानम्माने ट्रंक उन्हात टाकली आहे. कसर लागली असेल.

९ एप्रिल

शेषेरावांना सांगितले. त्यांनी लांब तोंड केले.

"जाऊ नका. मारल्यालं इसरले काय? लई शाना झाला का गौडा म्हातारपनी?"

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पर पाऊस औशालाबी न्हाई."

म्हणजे काय करावे, ते त्यांनी सांगितले नाही.

१७ एप्रिल

जायचे ठरले नाही, पण मंगळ जमते का ते तरी पाहावे म्हणून बसलो. कानडी ओळ धरायला गेलो की मराठी ओळ उठून येते, आणि ती चांगलीही असते. कानडी शब्द बोटाच्या टोकाला लागतो आणि निसटतो. पहिल्या पावसानंतर शेतात जी वाफ निघते तिला आमच्याकडे एक शब्द आहे. सकाळपासून आठवेना. चिडून मोठ्याने म्हणालो, "काय म्हणतात गं त्याला?"

दानम्माने चुलीपासून मान न वळवता शब्द सांगितला. मग दुसरा विचारला. तोही. नांगराच्या फाळाने वर येणाऱ्या ढेकळाचा, तळ्याच्या काठावरच्या शेवाळाचा. तिने एकही चुकवला नाही. मला जरा रागच आला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला सगळे जिथल्या तिथे कसे?

विचारले तर म्हणाली, "मी तरी कुठे वापरले? ठेवलेलेच होते."

दिवस मावळेपर्यंत मंगळ झाले. गौडाच्या नावाची ओळ सोडून.

२ मे

काल कार्यक्रम झाला! शेषेरावांचा खोकला मध्ये आला नाही. शेवटची ओळ लाऊडस्पीकरवरून 'लातूरचा मलप्पा म्हणे' अशी गेली, तेव्हा मागच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. एका साहेबाने शाल दिली. म्हणाला, नव्या जिल्ह्याला असे कवी पाहिजेत. नात सिंधू तर घरभर 'लातूरचा मलप्पा' म्हणत नाचते आहे. मीही गेले दोन महिने येता जाता तेच घोकतो, दाढी करतानासुद्धा. आता जीभ अडखळत नाही.

दानम्मा आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. आज सकाळी टँकर आला तेव्हा घागर घेऊन सर्वांच्या पुढे होती. बायकांच्या दुखण्याचे काही कळत नाही.

१६ मे

रेवणसिद्धाचा निरोप आला. पौर्णिमेला खेळ धरला आहे. गौडाचे नाव घ्यायचे की नाही ते कवीने ठरवावे, गावाचा हट्ट नाही.

मी संगप्पाला म्हणालो, नाही जमणार असे कळव. माझे वय, ऊन, बसचा भरवसा नाही. संगप्पा मान हलवत होता. तेवढ्यात दानम्मा आतून म्हणाली, "मी जाणार आहे. यांना यायचे तर येतील."

आम्ही दोघेही हसलो. ती हसली नाही.

मग मीही जातो म्हणालो. एकटी बाई कशी पाठवायची?

२४ मे

उद्या सकाळची उदगीरची बस. दानम्माने इतके सामान बांधले आहे की मी ओरडलो. ट्रंक, दोन गोधड्या, माहेरचा तांब्या. "दोन दिवसांसाठी गोधड्या? मे महिन्यात?" ती म्हणाली, "असू द्या." सुनेला आत बोलावून बराच वेळ काही समजावत होती. स्वयंपाकाचे असेल. मी गौडाच्या ओळीत अडकलो आहे, मला बाकी सुचत नाही. नाव घेतले तर स्वतःला काय तोंड दाखवू? नाही घेतले तर मंगळ अपुरे, आणि गावावर खेळ तसाच उघडा.

२६ मे, तोगरहळ्ळी

आलो. वेस तीच, पण लहान झाली. तळ्याला कुंपण नाही, आणि पाणीही नाही. तळाला भेगा. त्यात कोणीतरी खड्डा खणला आहे, त्यातून बायका वाटीवाटीने गढूळ पाणी काढतात. सगळ्या आळ्यांच्या बायका एकाच खड्ड्यावर होत्या.

आम्ही दानम्माची थोरली बहीण सिद्धम्मा हिच्या घरी उतरलो. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मग एकदम दोघी बोलायला लागल्या आणि थांबेनात. दानम्माला सगळे स्पष्ट ऐकू येते. तेव्हा डॉक्टरचा खर्च वाचला.

लोक मला बघून जातात. कानडी बोलतो तर मुले तोंडावर हात ठेवतात. सिद्धम्मा म्हणाली, "तुझी बोली आमच्या आजोबांसारखी आहे. इथे आता असे कोणी बोलत नाही." म्हणजे विसरलो नाही, पण जुना झालो. कोणते वाईट?

२७ मे

पहाटे उरलेला खेळ सुरू झाला. राजाचे सोंग करणारा बसण्णा कधीच वारला, त्याचा मुलगा उभा राहिला. राणीचे सोंग मात्र त्याच अण्णारावाने घेतले. दात नाहीत, लुगडे पोटावर बसेना. लोक हसले. मग तो पुढे आला आणि विचारले, "किल्ली कुठे आहे?"

कोणी हसले नाही. मला वाटले आता बत्त्या विझतील. मी बत्तीकडे पाहत राहिलो. विझली नाही. खेळ पुढे गेला.

गौडाला खाटेवर आणले होते. हाडांची मोळी. डोळे झाकलेले, पण जागा होता. तळ्याचे कुलूप तुटले तेव्हा त्याने खाटेची कड धरली.

उजाडायला लागले तसा मी उठलो. पावसाची ओळ म्हटली, पिकाची म्हटली. दानम्माने दिलेले शब्द आले तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. मग गौडाची ओळ. महिनाभर जुळवलेल्या दहा तऱ्हा डोक्यात होत्या. तिथे उभा राहिल्यावर त्यातली एकही म्हटली नाही. म्हणालो, 'गुरुपादप्पा गौडाच्या दारी पाणी राहो, आणि दार उघडे राहो.' एवढेच. गौडाने डोळे उघडले.

जमले! छातीवरचा दगड उतरला. आता फक्त नावाची ओळ. तिचा मी विचारच केला नव्हता, तिला काय विचार करायचा? आणि मोकळ्या आवाजात, कानडीत, मी म्हणालो, 'लातूरचा मलप्पा म्हणे.'

तोंडातून गेल्यावर कळले.

टाळकऱ्यांचे हात थांबले. पुजारी म्हणाला, "हे काय? परगावच्या कवीने आपला खेळ मिटतो का?" कोणी म्हणाले, परत म्हणा, गावाचे नाव घालून परत म्हणा. मी तोंड उघडले. पण मंगळ दोनदा म्हणत नाहीत. ते मला माहीत, त्यांनाही माहीत. दोनदा म्हटले तर पहिले खोटे होते. मी तसाच उभा. वाटले, आता मारतील. मारावे.

खाटेवरून आवाज आला. जुनाच आवाज, फक्त बारीक झालेला.

"मिटला."

पुजारी वाकला. "गौडा, तो म्हणाला लातूर..."

"ऐकलं मी. त्याला लातूरचा मीच केला. खरं तेच बोलला तो. मिटला खेळ. बत्त्या घालवा."

ऊन आले होते. बत्त्या तशाही दिसत नव्हत्या. रेवणसिद्धाने एकेक विझवली.

मी बायकांच्या बाजूला पाहिले. दानम्मा सिद्धम्माच्या खांद्याला टेकून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आमच्या लग्नात हळदीच्या पाटावरून बघत होती तशी, जणू हा कोण माणूस ते ओळखून घ्यावे.

२९ मे, लातूर

मी एकटा परत आलो.

बसपर्यंत दानम्मा आली, पण पिशवी माझी एकट्याची. म्हणालो, ट्रंक कुठे? म्हणाली, "राहू दे तिथे. सिद्धम्मा एकटी आहे. मी राहते."

"किती दिवस?"

"तुम्ही लातूरचे झालात. चांगले झाले, मनापासून सांगते. मी तिथे नुसती तुमच्याबरोबर होते."

मी म्हणालो, जीभ घसरली, सवयीने गेले, त्यात माझे मन नव्हते. ती हसली. माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि म्हणाली, "पेज वेळेवर प्या. शेषेरावांना खोकल्याला ज्येष्ठमध सांगा."

बस सुटली. एका शब्दाने संसार गेला. का म्हणून तो कार्यक्रम केला? का घोकले? शेषेरावांनीच घातले ते गाव माझ्या गळ्यात. त्यांच्याशी बोलणार नाही.

२ जून

शेषेराव आले. बोललो नाही. ते दिवसभर माझ्याशेजारी बसून राहिले, संध्याकाळच्या बसने गेले.

५ जून

पाऊस तिकडेही नाही, इकडेही नाही. रेवणसिद्धाचा निरोप आहे की गौडा शांत झोपेत गेला. दानम्मा बरी आहे, तळ्यातला गाळ काढायला जाते. गुडघे?

आज राहवले नाही. सुनेपुढे सगळे बोललो. माझ्या जिभेने घात केला, ते नाव तोंडातून गेले नसते तर तुझी सासू आज इथे असती. उमादेवी भाकरी थापत होती. हात थांबला.

"मामा, आत्याबाईंनी कोठीच्या किल्ल्या मला निघायच्या आदल्या दिवशीच दिल्या. कुठल्या डब्यात काय ते सगळं दाखवलं. मी रडले तर म्हनल्या, मामांना सांगू नगंस, ते येनारच न्हाईत मग."

मी डायरी मागे उलटून पाहिली. ट्रंक, तांब्या, गोधड्या. सगळे माझ्याच हाताने लिहिलेले आहे. रेवणसिद्धाशी दारातले बोलणेही. वाचणारा कोणी नाही असे मी पहिल्या दिवशी लिहिले, ते बरोबरच होते.

७ जून

संगप्पा म्हणतो, पाऊस पडला की आईला आणू. ती आणण्यासारखी वस्तू नाही.

एक गोष्ट राहून राहून टोचते. या घरात आता कानडी बोलायला कोणी उरले नाही. संगप्पाला समजते, पण तो मराठीत उत्तर देतो. इतकी वर्षे मी मराठीत लिहिले, तेव्हा मागे चुलीपाशी ती बोलत असायची. ते मागचे बोलणे गेल्यावर आज लिहायला बसलो तर ओळ चालेना. पद कसे करतात तेच आठवेना. शेषेरावांना औशाला निरोप धाडला, या म्हणून.

८ जून

सकाळी उठल्या उठल्या, डोळे मिटलेलेच, सवयीने म्हणालो, "नीरु." पाणी. रोज तीच देते. मग आठवले आणि तसाच पडून राहिलो.

पावले वाजली. उमादेवी तांब्या घेऊन उभी होती. खाली बघत, लाजत, माहेरच्या औशाच्या हेलात म्हणाली, "नीर घ्या री, मामा."

अर्धे कानडी, अर्धे मराठी; तो 'री' कानडीतला, आदराचा. असे कानडी जगात कोणी बोलत नाही. चुलीपाशी इतकी वर्षे तीही ऐकत होती, हे मला कधी दिसलेच नाही. मी तोंड धुतले, पाणी प्यालो. ती तिथेच थांबली होती.

"चूक झालं का, मामा? शिकवा की."

म्हणालो, "चूक आहे. राहू दे. कानाला बरे लागते."